पावागढच्या तळ्यांकडे, सहा वेळा

दुधिया तलावाच्या काठावर मी उभी होते आणि तलाव दिसत नव्हता. धुकं इतकं दाट की हात लांब केला तर बोटं पुसट व्हायची. समोरून बेडकांचा आवाज येत होता, मधूनच पाण्यात काहीतरी डुबुक वाजायचं. भाऊजी मागून म्हणाले, "वहिनी, आता पुढे पाऊल टाकू नका. पाणी इथेच आहे." मी खाली वाकून हात घातला तेव्हा कळलं, खरंच वीतभर अंतरावर होतं. गार, आणि हाताला किंचित मऊ लागणारं.

पावागढला मी लहानपणापासून किती वेळा गेले, त्याची मोजदाद नाही. बडोद्याच्या मराठी घरांतून कालिकामातेला जाणं होतच असतं. लग्न झाल्यावर ओटी भरायला, मुलगी झाल्यावर तिला देवीच्या पायावर घालायला, कुणी पाहुणे आले की त्यांना घेऊन. रोपवेत बसायचं, उरलेल्या पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं, खाली माचीवर चहा प्यायचा आणि दिवेलागणीला दांडियाबाजारात परत. वरच्या पठारावर तेलिया, दुधिया, छासिया अशी तीन तळी आहेत, तेलासारखं, दुधासारखं, ताकासारखं पाणी म्हणून ही नावं, हे आईने सांगितलेलं आठवत होतं. पण मुद्दाम तळ्यासाठी कधी थांबले नव्हते.

थांबावं लागलं ते पुरामुळे.

२०२४ च्या गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, बडोद्यात जो पाऊस लागला तो दोन दिवस खळलाच नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी काळा घोडा पुलापाशी २६ फूट धरतात. त्या वेळी ती ३५ फुटांच्या वर गेली. आमचं घर नदीपासून फार लांब नाही, आणि तळमजल्यावर आहे. रात्री अडीचला मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. पहाटेपर्यंत गुडघ्याला, दुपारी कमरेला. आम्ही दोन दिवस आणि तीन रात्री वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे होतो. जिन्यातून खाली बघितलं की आमचेच स्टीलचे डबे एकमेकांवर आपटत फिरताना दिसायचे. वर्षाचे गहू फुगून आंबले. आईच्या हातचं गोधडीचं बोचकं चिखलात गेलं, ते पुन्हा कितीही धुतलं तरी त्याला नदीचा वास राहिलाच. शेजारच्या गल्लीत मगर आली होती, वनखात्याची माणसं तिला घेऊन गेली.

पाणी ओसरलं, भिंती वाळल्या, रंग झाला. माझ्यात मात्र एक गोष्ट राहून गेली. पत्र्यावर पाऊस वाजला की मी उठून बसायची. आधी मोरीकडे जायची, मग दाराकडे, मग पुन्हा मोरीकडे. घरातले सगळे झोपलेले आणि मी बॅटरी घेऊन जाळीवर उजेड मारत उभी.

माझे धाकटे दीर पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्यभर ओव्हरसियर होते. पावसाळ्यात सकाळी त्यांचा फोन आला की 'कशा आहात' याच्याआधी आजवा धरणाची पातळी आणि काळा घोड्याची पातळी सांगायचे. बडोद्याला हे नवीन नाही, पावसाळ्यात सगळं गावच हे आकडे वाचत असतं. एकदा मी त्यांना चिडून म्हटलं, आकडे सांगून काय होतं, पाणी यायचं ते येतंच. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, तुम्ही नदी फक्त आपल्या दारात आलेली पाहिलीत. ती निघते कुठून ते एकदा बघू या." आणि पितृपक्षात आम्ही पहिल्यांदा गेलो. देवस्थानी गर्दी नसते ते हेच दिवस. घटस्थापनेनंतर त्या डोंगरावर पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

बडोद्याहून हालोलमार्गे पावागढ ५० किलोमीटरच्या आत आहे. सगळा मुलूख सपाट, आणि त्यात हा एकच डोंगर उठून उभा, सुमारे आठशे मीटर उंच. खालचा खडक आपल्या सह्याद्रीसारखा काळा बेसाल्ट, पण माथ्याकडचा फिकट आणि कडक आहे, त्याला रायोलाइट म्हणतात. समुद्राकडून येणारे ढग सपाटीवरून सरळ चालत येतात आणि इथे अडतात. विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते, बडोद्याच्या मधून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे. या डोंगराच्या आणि हालोलच्या बाजूला कोसळलेलं पाणी आजव्याकडेही येतं. आजवा सयाजीराव महाराजांनी शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून १८९० च्या सुमारास बांधून घेतला, त्याचे ६२ दरवाजे. भाऊजी हे सगळं वाटेत सांगत होते आणि मी खिडकीतून तो डोंगर शोधत होते. तो ढगात होता. नुसता पायथा दिसत होता.

त्या दिवशी माचीपर्यंत जीपने आणि पुढे पायऱ्यांनी गेलो. रोपवे वाऱ्यामुळे बंद होता. पावसाळ्यात असं होतंच, त्यामुळे चढायची तयारी नसेल तर पावसाळ्यात जाऊ नये. पायऱ्यांवर शेवाळ नाही, सततच्या वावरामुळे राहत नाही, पण पायऱ्या सोडून तळ्याकडे वळलं की दगड साबणासारखे. मी रोजच्या चपला घातल्या होत्या. दुधियाकडून छासियाकडे जाताना एका उतारावर घसरले, कोपर सोललं. तेव्हापासून रबरी तळव्याचे बूट घेतले, ते अजून चालवते आहे.

छासियापाशी पोचलो तेव्हा धुकं थोडं फाटलं. पहिल्यांदा काठ दिसला, मग पाण्याचा राखी तुकडा, मग पलीकडे लकुलीशाच्या देवळाचे दगड. हे देऊळ दहाव्या-अकराव्या शतकातलं, डोंगरावरचं सगळ्यात जुनं. आणि काठालाच, अर्धा पाण्यात, एक मोठा खडक होता. वरून सपाट, एका बाजूला थोडा खोलगट, हुबेहूब आजीच्या घरच्या पाट्यासारखा. भाऊजींच्या खिशात अजूनही टेप असते, इतक्या वर्षांची सवय. त्यांनी पाण्यापासून खडकाच्या माथ्यापर्यंत माप घेतलं. चौदा सेंटिमीटर.

"लिहून ठेवा," ते म्हणाले. "पुन्हा येऊ तेव्हा बघू."

मी किराण्याच्या यादीची छोटी वही नेली होती. त्यात साखर, शेंगदाणे, रवा याच्या खाली लिहिलं: छासिया, पाटा, १४. त्या एका ओळीने मला पुढची पाच वेळा तिथे नेलं.

दुसऱ्यांदा गेलो ते तुळशीचं लग्न झाल्यावर. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरली होती. या वेळी पायथ्यापासून, चांपानेरहून अटक दरवाज्याच्या जुन्या वाटेने चढलो. जीपने माचीला जाणारा माणूस या वाटेला मुकतो, आणि मला तर वाटतं पावागढ खरा कळतो तो इथेच. एकामागून एक दरवाजे, सात कमान, मध्येच कोसळलेली तटबंदी, आणि सदनशाह दरवाज्यापाशी तर खडक फोडून वाट काढली आहे. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने वीस महिन्यांच्या वेढ्यानंतर १४८४ मध्ये हा गड इथल्या राजाकडून, पताई रावळाकडून घेतला आणि खाली चांपानेरला राजधानी वसवली. नंतर १५३५ मध्ये हुमायून आला. पुढे गड शिंद्यांकडे होता आणि १८०३ च्या लढाईत इंग्रजांनी तो घेतला, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या आजोबांच्या पिढीला मात्र तो 'शिंद्यांचा पावागढ' म्हणून माहीत होता.

चढताना एक प्रश्न मनात येत राहिला. वीस महिने हजारो माणसं, घोडे, गुरं या माथ्यावर प्यायली काय? डोंगरावर नदी नाही, विहीर खणायची तर असल्या खडकात खणणार कुठे. उत्तर ठिकठिकाणी पायाखालीच होतं. खडकात कोरलेली टाकी, बांध घालून अडवलेले खळगे, उतारावरचं पाणी वळवून नेणारे चर. पावागढला शंभर कुंडांचा डोंगर आणि चांपानेरला हजार विहिरींचं शहर म्हणतात. आकडा मोजायला मी बसले नाही, पण त्या एका चढणीत आम्हाला लहानमोठी बरीच टाकी दिसली, काही कोरडी, काहींत हिरवं पाणी. दुधिया-छासिया ही त्यातलीच मोठी भावंडं. हौसेची नाहीत ही तळी. जगण्यासाठी केलेली आहेत.

त्या महिन्यात डोंगरउतारावर सीताफळं होती, रानातली, आकाराने लहान पण गोडीला जबरदस्त. माचीच्या अलीकडे एक राठवा बाई टोपलीत घेऊन बसली होती. आम्ही तिथेच दगडावर बसून चार-चार खाल्ली, बिया गोळा करून पिशवीत ठेवल्या. घरून दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, त्यातली अर्धी तिला दिली. ती म्हणाली, "बेन, वरसाद पडे पछी आवजो. तळाव छलकाय त्यारे जोवा जेवुं." म्हणजे पाऊस पडल्यावर या, तळं भरून वाहतं तेव्हा बघण्यासारखं असतं. मी म्हटलं, पावसातच येऊन गेले, तळं दिसलंच नाही. ती म्हणाली, सप्टेंबरात नाही, पहिल्या पावसात या.

पाट्याचं माप एकतीस. पाणी इतकं स्वच्छ की खडक खाली कुठवर गेला आहे ते दिसत होतं. ताकासारखं मुळीच नव्हतं, आभाळासारखं होतं.

जानेवारीत उत्तरायणानंतर गेलो. माप बासष्ट. चढताना स्वेटर आणि वर पोचल्यावर घाम, असा दिवस. त्या वेळचं मला तळं कमी आणि लकुलीशाचं देऊळ जास्त आठवतं. कोवळं ऊन मूर्तींवर तिरकं पडलं होतं, त्यामुळे एरवी झिजलेले वाटणारे चेहरे उठून आले होते. लकुलीश म्हणजे हातात लकुट, दंड, धारण केलेला शिव. त्याचं मुख्य स्थान कारवण, आमच्या बडोद्याजवळचंच. आमच्या सासूबाई कारवणला दर महाशिवरात्रीला जायच्या. भिंतीवर एका बाजूला दक्षिणामूर्ती आहे, शिष्यांना शिकवायला बसलेला शिव. मी त्याच्या समोर तासभर बसले असेन. भाऊजींनी एकदाही 'निघू या' म्हटलं नाही. ज्याने हा दगड घडवला त्यानेही दुपारी याच तळ्यावर हात धुतले असतील, पाणी प्यायलं असेल. हजार वर्षं होऊन गेली. तळं आटतं आणि भरतं, हे त्यानेही पाहिलं असेल.

होळीच्या आसपासच्या फेरीत सांगण्यासारखं थोडं आहे. केसुडा, म्हणजे आपला पळस, फुलला होता, खालच्या उतारावर केशरी ठिपके. पहाटे चढलो म्हणून महुड्याखाली, मोहाच्या झाडाखाली, फुलं वेचणाऱ्या बायका भेटल्या. ओली, पिवळट, रसाळ फुलं, हातात घेतली की बोटं चिकट. माप एक मीटर पाच. माकडाने माझी पिशवी ओढून नेली, त्यात ठेपले होते. वही नशिबाने ओढणीच्या गाठीत होती. वर जाणाऱ्यांनी खाण्याची पिशवी हातात धरून चालू नये, पाठीवर घट्ट बांधावी, आणि वानर समोर आलं तर त्याच्या डोळ्यांत बघत उभं राहू नये. बस, इतकंच.

मे महिन्यात जाऊ नका असं घरात सगळ्यांनी सांगितलं. पारा ४२ च्या वर होता. माझ्या नवऱ्याने तर स्पष्ट विचारलं, "आटलेलं तळं बघायला कोण जातं?" पण मला नेमकं तेच बघायचं होतं. भरलेलं तळं सगळेच बघतात. ज्याला आपण घाबरतो ते पाणी नसतं तेव्हा मागे काय उरतं, हे माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पहाटे साडेचारला निघालो. जाताना शहरातच नदीवर दिव्यांच्या उजेडात पोकलेन उभे दिसले. पुरानंतर २०२५ च्या त्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र रुंद आणि खोल करायचं काम चाललं होतं. काढलेल्या मातीचे ढीग काठावर, आणि मध्ये नदीचं काळसर, अरुंद, थकलेलं पाणी. भाऊजींनी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघं काही न बोलता पाच मिनिटं पुलावर उभे राहिलो. मगरी कुठे गेल्या असतील, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्या जातात कुठे. त्यांचंच घर आहे ते."

वर पोचायला साडेआठ झाले. रोपवेने गेलो, उगीच जिवाशी खेळ नको म्हणून. छासियाला जी वाट जाते तिच्यावरची माती चुन्यासारखी पांढरी झाली होती. आणि तळं नव्हतं.

म्हणजे मधोमध, आपल्या अंगणात मावेल एवढं, हिरवंगार दाट पाणी होतं. भोवती चिखल, त्याच्याभोवती भेगाळलेली माती, आणि त्याच्याभोवती धूळ. पाटा उघडा पडला होता. जो खडक मी आठ महिने कमरेपासून वरचा बघत होते तो पायापर्यंत दिसत होता. माथ्यापासून बुडापर्यंत एक मीटर सत्तर, माझ्यापेक्षाही उंच. बुडाशी मागच्या वर्षांच्या पाण्याच्या रेघा होत्या, एकाखाली एक, चहा ओतून ठेवलेल्या कपात पडतात तशा. मी त्या रेघांवरून हात फिरवला. आमच्या घराच्या भिंतीवर पुराने तशीच एक रेघ काढली होती, रंगाच्या तीन हातांखाली ती अजूनही उमटते. इथे मात्र रेघांची भीती वाटली नाही. खडकाने त्या अंगावर वागवल्या होत्या आणि तो होता तिथेच होता.

पाट्यापासून पाण्यापर्यंत मी पावलं मोजली, तेवीस झाली. चिखलावर पक्ष्यांच्या पायांची नक्षी होती, बारीक, तीन बोटांची, पाण्याकडे जाणारी आणि परत येणारी. एका ठिकाणी मोराची लांब पावलं, आणि त्यांच्या मागे पिसाऱ्याने ओढत नेलेली रेघ. भेगांच्या आत बघितलं तर खोलवर ओल होती. गोगलगायींचे रिकामे शंख, खेकड्याचं बीळ, तोंडावर वाळलेल्या मातीचं झाकण.

आणि माणसांनी टाकलेलं. तेही सांगायला हवं. नारळाच्या शेंड्या, लाल चुंदड्यांच्या चिंध्या, सोनेरी कोर असलेल्या, फुटलेल्या बांगड्या, गुटख्याच्या पुड्या, आणि पाण्याच्या बाटल्या, किती तरी. देवीला वाहिलेलं पाण्यात सोडलं की पुण्य लागतं अशी आपली समजूत आहे. पण पाणी ते कुठेही नेत नाही. सगळं तिथेच तळाशी बसून राहतं आणि मे महिन्यात दिसतं. माझ्या लग्नानंतरची ओटीही आम्ही अशीच कुठल्यातरी तळ्यात सोडली होती, मला आठवत होतं. वाकून मी बाटल्या उचलायला लागले. भाऊजींनी आपल्या पिशवीतला डबा काढून पिशवी मोकळी करून दिली. दोन पिशव्या भरल्या, माचीच्या कचराकुंडीत टाकल्या. उचलायचं बाकी राहिलं ते खूप होतं.

तळाशी गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, ती पाणी असताना दिसणंच शक्य नव्हतं. बांधाच्या खालच्या थरात घडीव दगड होते, चौकोनी, एकावर एक नीट बसवलेले. वरचा भाग अलीकडे कधी तरी सिमेंटने लिंपलेला, त्याला चिरा गेल्या होत्या. खालचे दगड मात्र हलले नव्हते. भाऊजी गुडघ्यावर बसून सांध्यांवर नख फिरवत होते. त्यांनी इतक्या वर्षांत टाक्या, पाइपलाइनी, पंपघरं बांधताना पाहिली आहेत. ते एवढंच म्हणाले, "कामाचा माणूस होता."

उतरताना त्यांना भोवळ आली. पाणी बरोबर होतं, पण बाटली उन्हात तापून गरम झाली होती आणि ते पीत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं नाही. ती माझी चूक. एका दुकानाच्या कापडी छताखाली त्यांना आडवं केलं. दुकानवाल्याने न विचारता माठातलं पाणी, मीठ-साखर-लिंबू घालून आणलं, पैसे घेतले नाहीत. ओला रुमाल डोक्यावर ठेवून अर्धा-पाऊण तास बसलो. तो माठ तिथे कुठून भरतात असं मी विचारलं. खालून चढवतात, तो म्हणाला. वर तीन तळी, आणि प्यायचं पाणी खालून. पंधराव्या शतकात इथे वेढा पडला तेव्हा याच तळ्यांवर गड वीस महिने तग धरून राहिला होता, हे त्या कापडी सावलीत बसून आठवताना घशाशी आवंढा आला.

घरी आल्यावर जावेने मला चांगलंच सुनावलं. रास्तच होतं. भाऊजी मात्र संध्याकाळी फोनवर म्हणाले, "वहिनी, माप लिहिलंत ना?"

लिहिलं होतं.

जूनच्या मध्यावर पाऊस आला, तरी आम्ही थांबलो. सीताफळवाल्या बाईने पहिल्या पावसात या म्हटलं होतं, पण आधी जमीन पिऊन घेते, मग तळी भरतात, असं भाऊजींचं म्हणणं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री बडोद्यात सणसणीत पाऊस झाला. मी नेहमीसारखी उठले, मोरीपर्यंत गेले. जाळीवर बॅटरी मारली. आणि तिथे उभी असताना डोळ्यांसमोर मोरी नव्हती, पाटा होता. आत्ता त्याच्या बुडाशी पाणी चढत असेल, त्या तेवीस पावलांवर, मोराच्या पायांच्या ठशांवर, खेकड्याच्या झाकणावर. किती चढलं असेल? मी सकाळी सहाला भाऊजींना फोन केला. त्यांनी या वेळी पातळी सांगायच्या आतच मी म्हटलं, "निघू या का?"

खालच्या वाटेने चढलो. जिकडेतिकडे पाणी वाजत होतं. दरवाज्यांच्या दगडांतून झिरपत होतं, चरांतून पळत होतं, पायवाटेवरून आमच्या बुटांवरून जात होतं. नोव्हेंबरात आम्ही जे चर नुसते बघितले होते ते आता काम करताना दिसले. एका टाक्याच्या तोंडाशी मी थांबले. वरून येणारा गढूळ ओहोळ आधी एका लहान खळग्यात पडत होता, तिथे गाळ बसत होता, आणि खळगा भरला की वरचं जरा नितळ पाणी ओठावरून टाक्यात उतरत होतं. पाच मिनिटं बघितलं तरी माझी नजर हटेना. माझ्या घरात शिरलेल्या पाण्याला असं कुणी कुठे थांबवलं नव्हतं. एका खळग्यात बसून दम खा, गाळ खाली टाक, मग पुढे जा, असं त्याला सांगणारी जागाच वाटेत उरली नव्हती. बडोद्यात पूर्वी केवढी तळी होती, आजोबा नावं घ्यायचे. त्यांतली किती बुजली आणि त्यांवर किती सोसायट्या उभ्या राहिल्या, आमचीही कदाचित त्यातलीच. त्या ओहोळापाशी उभं राहून मला आमच्या शहराचा खरोखर राग आला, आणि स्वतःचाही. पुरानंतर आम्ही सगळे नदीला दोष देत होतो.

वर धुकं होतं, पण जाणारं-येणारं. छासिया दिसला, झाकला, पुन्हा दिसला. यंदा पाणी खरोखर ताकासारखं होतं, पांढुरकं, मातकट, वर फेसाची कड. नाव ठेवणाऱ्याने ते जुलैत पाहिलं असणार. काठावर नव्या गवताची पाती, आणि बेडूक इतके की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. पाटा अर्ध्याहून अधिक बुडाला होता. भाऊजींनी टेप सोडली, पावसाच्या थेंबांनी आकडे दिसेनात, त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"अठ्ठेचाळीस."

मी ओढणीआड वही धरून लिहिलं. शाई पसरली. वहीत आता सहा आकडे एकाखाली एक होते आणि त्यांच्या वर साखर, शेंगदाणे, रवा.

उतरताना सीताफळवाली भेटली. तिच्या टोपलीत आज मक्याची कणसं होती. तिने मला ओळखलं, लांबूनच हात केला आणि डोंगराच्या कुशीतल्या एका घळीकडे बोट दाखवलं. तिथून पाण्याची पांढरी धार खाली कोसळत होती, झाडांत शिरून दिसेनाशी होत होती. खालच्या सपाटीकडे, हालोलकडे, आमच्याकडे.

संध्याकाळी परतताना भाऊजींनी काळा घोडा पुलावर गाडी हळू केली. नदी तपकिरी होती, वेगात होती, काठाच्या बरीच खाली होती. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर पातळी आली: साडेअकरा फूट. मी वही काढली आणि अठ्ठेचाळीसच्या खाली ती लिहिली. बाहेर पुन्हा पाऊस लागला होता.